चीफचा उजवा कान

पहिला दिवस : व्हँकुव्हर

अलास्काच्या क्रूझचं बुकिंग करताना मध्येच एक प्रश्न येतो. जेवणाची वेळ ठरलेली हवी, की रोज मनाला येईल तेव्हा? ठरलेली हवी असेल तर संध्याकाळी साडेपाचची पंगत की रात्री आठची? टेबल दोघांचं, चौघांचं, सहांचं की आठांचं? ताईने मला न विचारता ठरलेली वेळ, रात्रीची पंगत आणि आठांचं टेबल अशा तिन्ही खुणा करून टाकल्या होत्या. मला ते कळलं जहाजावर चढल्यावर, केबिनच्या कार्डावर टेबलाचा नंबर छापलेला दिसला तेव्हा.

"सात रात्री सहा अनोळखी माणसांसमोर जेवायचं?"

"दोन रात्री," ताई म्हणाली. "तिसऱ्या रात्रीपासून ती अनोळखी नसतील."

तिचं ठीक आहे. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती समोरच्याच्या मुलांची लग्नं लावून मोकळी होते. मी प्रुफं तपासते. माझा दिवस कागदाशी बोलण्यात जातो आणि कागद उलट विचारत नाही. ताई बॅगा उघडत होती तेवढ्यात मी खाली जाऊन डायनिंग मॅनेजरच्या रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे अकराजण होते आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, टेबल बदला. मॅनेजरने हसून माझा केबिन नंबर दोघांच्या टेबलाच्या वेटिंग लिस्टवर लिहून घेतला. हे मी ताईला सांगितलं नाही.

निघण्याआधी आपत्कालीन कवायत झाली. 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ एक मोठं प्रवासी जहाज कलंडलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची ही कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर करावी लागते. लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघून आम्ही डेकवर आलो. मागे कॅनडा प्लेसची पांढरी शिडं दिसत होती. 1986 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्या इमारतीचं छप्पर टेफ्लॉन चढवलेल्या कापडाचं आहे. (या छपराचं पुढे काम आहे.) मग लायन्स गेट पुलाखालून जाताना सगळ्यांनी उगाचच माना खाली घातल्या. पूल पाण्यापासून साठ मीटर उंच आहे, तरीही.

आठ वाजता टेबल. गोल होतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. लांबट टेबलावर कडेच्या माणसाला बोलायला एकच शेजारी मिळतो. पण आठांच्या गोल टेबलाचीही गंमत अशी, की समोरच्याचं ऐकू येतच नाही. ओठ हलताना दिसतात, आपण हसतो.

आमच्या आधी सगळे आले होते. दोन खुर्च्या उरल्या होत्या, त्यांत बसलो. माझ्या डावीकडे ताई, उजवीकडे एक वयस्क बाई आणि त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान, मालवाहू जहाजांवरचे निवृत्त चीफ इंजिनियर. त्यांना सगळे पहिल्या पाच मिनिटांतच 'चीफ' म्हणायला लागले. त्यांच्या पलीकडे एक भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या. मग एक तरुण नर्स, तीही एकटी, कायम रात्रपाळी करणारी. मग एक गृहस्थ, ज्यांनी 'हॅलो'च्या आधी सांगितलं की ही त्यांची सतरावी क्रूझ. त्यांना आम्ही दोघींनी त्याच रात्री 'सतरावे' हे नाव ठेवलं. सतराव्यांच्या बाई शांत होत्या, मांडीवर विणकाम घेऊन आलेल्या.

पहिल्या रात्रीचे प्रश्न सगळीकडे सारखेच असणार. कुठून आलात, पहिलीच वेळ का, काय करता. हा तिसरा प्रश्न चीफनी मला त्यांच्या बाईंच्या डोक्यावरून विचारला. मी म्हटलं, "मी प्रूफं तपासते."

"रूफ?" चीफ खूश झाले. "छपरं तपासता? उंचीची भीती नाही वाटत?"

आता इथे दुरुस्ती करायला हवी होती. दुरुस्ती करणं हाच माझा धंदा आहे. पण सात माणसं माझ्याकडे बघत होती, सूप निवत होतं आणि पुन्हा ओरडून सांगायचं म्हणजे मला नको झालं. मी म्हटलं, "नाही वाटत."

ताईने टेबलाखालून मला पाय मारला.

जेवण संपता संपता चीफनी सांगितलं, मध्यरात्रीच्या सुमारास जागे राहिलात तर सेमूर नॅरोज दिसेल. सगळी जहाजं तिथे ओहोटी-भरतीच्या मधली शांत वेळ गाठून शिरतात, कारण एरवी पाण्याचा ओढ 15 नॉट्सपर्यंत जातो. त्या चिंचोळ्या वाटेच्या मधोमध पूर्वी रिपल रॉक नावाचा खडक होता, पाण्याखाली जेमतेम तीन मीटरवर. वरून सुरुंग लावायला सपाट तळाची बार्ज उभी करावी, तर ती प्रवाहात टिकेना. शेवटी शेजारच्या बेटावर विहीर खणली, समुद्राच्या तळाखालून बोगदा नेला, तो खडकाच्या पोटात वर चढवला आणि 5 एप्रिल 1958 ला तेराशे टनांच्या आसपास स्फोटकं एकदम उडवली. चीफ हे सांगत होते तेव्हा टेबलावरच्या पावाच्या तुकड्याचा रिपल रॉक झाला होता आणि चमचा खालून येत होता. सगळेजण पहिल्यांदाच एकाच ठिकाणी बघत होते.

मी जागी राहिले. दोन्हीकडे काळोख आणि मध्ये एक हिरवा दिवा, एवढंच दिसलं.

दुसरा दिवस : समुद्रात

नाश्त्याला बुफेच्या दारात नर्स भेटली. सगळे हातावर जेल चोळून आत जात होते आणि ही बेसिनपाशी साबणाने हात धूत उभी. म्हणाली, जहाजांवर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस आहे, त्याच्यावर जेलचा फारसा भरवसा नाही, साबण आणि पाणी हवं. ताई आणि मी निमूट रांगेतून बाहेर पडून बेसिनकडे गेलो.

दुपारी बेटांचा आडोसा सुटला, उघडा समुद्र लागला आणि जहाज सावकाश झुलायला लागलं. रात्री चीफ सांगत होते की तळाशी दोन्ही बाजूंना माशासारखे पर असतात, ते झुलणं कमी करतात, पूर्ण थांबवत नाहीत. त्यांच्या वेळी वादळात टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचे. ओल्या कापडावर ताटं घसरत नाहीत. टेबलाच्या कडेला वर उचलायची पट्टीही असे. "आणि सूप अर्धंच वाढायचं."

त्या रात्री नटून यायचं होतं. सतरावे काळ्या सूटमध्ये, कोटावर कंपनीने दिलेल्या बिल्ल्यांची रांग. दर अमुक इतक्या दिवसांच्या प्रवासामागे एक बिल्ला मिळतो. त्यांनी प्रत्येकाचा इतिहास सांगितला. नर्स शेजारी बसून प्रत्येक बिल्ल्याला "अच्छा" म्हणत होती. रात्रपाळीच्या माणसाचा संयम वेगळाच.

खुर्च्यांची भानगड शिक्षिकाबाईंनी काढली. आदल्या रात्री त्या चीफच्या उजव्या हाताला होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं होतं की चीफचा डावा कान पूर्ण गेलेला आहे. उजवा चालतो, तोही जवळच्यापुरता. म्हणजे टेबलावर चीफशी खरं बोलणं एकाच खुर्चीवरून होतं. ती खुर्ची सात रात्री एकाच माणसाने अडवायची हे त्यांना पटेना.

"चीफ आणि बाई जागेवर राहतील. बाकीच्या सहाजणांनी रोज एक खुर्ची चीफकडे सरकायचं. कानाजवळचा उठून दुसऱ्या टोकाला जाईल. सहा माणसं, सहा रात्री."

चीफच्या डावीकडे, म्हणजे गेलेल्या कानाच्या बाजूला, त्यांच्या बाई कायमच्या. "माझं त्यांना ऐकावं लागत नाही," त्या म्हणाल्या, "पाठ आहे."

चीफना हे सगळं कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि इंजिनियरला शोभेल अशी शंका काढली : सगळेच एकेक दात सरकले तर शेजारी बदलणार नाहीत, चाक फिरेल पण दाते तेच राहतील. खरंच होतं ते. माझ्या एका बाजूला जवळजवळ सगळा आठवडा ताईच असणार होती, आणि नर्सच्या एका बाजूला सतरावे. नर्सने हे समजल्यावर पाण्याचा एक मोठा घोट घेतला.

खरा विरोध आला वेटरकडून. मला हे आधी माहीत नव्हतं : वेटर माणसं लक्षात ठेवत नाही, खुर्च्या लक्षात ठेवतो. एका ठरलेल्या खुर्चीला एक नंबर, तिथून पुढे मोजत आठ. त्याच्या चिठ्ठीवर "तीन : सूप नाही, पाच : मासा" असं लिहिलेलं असतं, म्हणून तो "मासा कुणाचा?" असं न विचारता बरोबर माझ्यासमोर ताट ठेवतो. आम्ही फिरायला लागलो तर त्याची सगळी वही फिरणार. एरवी त्याने चालवून घेतलं असतं, पण नर्सला दाण्यांची ॲलर्जी होती. तिला दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्रीच दाखवत, ती निवडे, आणि तिचं ताट स्वयंपाकघरात वेगळं बने. ते ताट चुकून तिच्या शेजाऱ्याला गेलं तर फार तर शेजाऱ्याचं जेवण बेचव होईल. उलट झालं तर?

वेटर दोन मिनिटं कुठेतरी गेला आणि परत आला. बाकी सात नॅपकिन पंख्यासारखे होते, आठव्याचं त्याने होडकं केलं. "मॅडम जिथे बसतील तिथे होडकं. मी होडक्याला वाढीन."

तिसरा दिवस : जूनो

रात्री घड्याळं तासभर मागे करायची होती, अलास्काची वेळ सुरू झाली म्हणून. आमच्या केबिनमधल्या दोन घड्याळांपैकी एकच मागे गेलं. ते कुठलं, यावर ताईची आणि माझी अजून चर्चा चालू आहे. पण संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघी डायनिंग रूमच्या दारात उभ्या होतो आणि आत पहिल्या पंगतीचे लोक कॉफी पीत होते. आमच्या टेबलावर आमच्या खुर्च्यांत दुसरीच माणसं बसलेली बघून मला राग आला. ते टेबल माझं आहे असं मला कधीपासून वाटायला लागलं, देव जाणे.

जूनोबद्दल थोडक्यात सांगते. अलास्का राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. आमदारसुद्धा विमानाने किंवा बोटीने येतात. आम्ही मेंडनहॉल हिमनदी पाहिली, धबधब्यापर्यंत चाललो, पाऊस खाल्ला. नर्स छोट्या बोटीने देवमासे बघायला गेली होती. हंपबॅक जातीचे हे मासे हिवाळ्यात हवाईच्या उबेत पिल्लं घालतात आणि उन्हाळ्यात खायला इकडे येतात. रात्री तिने देवमाशाची शेपटी हातांनी करून दाखवली, तेव्हा होडकं पाण्यात पडलं.

कानाची पाळी सतराव्यांची होती. मला वाटलं, चीफचं आता काही खरं नाही. तर उलटंच. चीफनी त्यांना त्यांच्या पहिल्या जहाजाबद्दल विचारलं, त्याच्या इंजिनाबद्दल विचारलं, आणि सतराव्यांना उत्तर येईना. सतरा जहाजं, आणि एकाही जहाजाच्या पोटात काय चालतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग चीफ बोलत राहिले आणि सतरावे मिठाची-मिरीची भांडी इकडेतिकडे सरकवत ऐकत राहिले. मी दोनदा घड्याळाकडे बघितलं, वीस मिनिटं त्यांनी बिल्ला काढला नाही.

निघताना चीफ मला म्हणाले, "ते कॅनडा प्लेसचं छप्पर. कापडाचं. ते तपासताना चढता की खालूनच बघता?"

मी म्हटलं, "जागेवर अवलंबून असतं."

चौथा दिवस : स्कॅगवे

धक्क्यावर जहाजाशेजारीच रेल्वे उभी असते. व्हाइट पास अँड युकॉन रूट. सोन्याच्या मागे लागलेल्या लोकांसाठी 1898 मध्ये काम सुरू केलं आणि 1900 मध्ये पुरं केलं, तोवर सोन्याची धावपळ ओसरली होती. फक्त तीन फुटांची गेज. समुद्रसपाटीपासून खिंडीपर्यंत वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. त्याआधी माणसं ही वाट पाठीवर ओझं घेऊन चढत. कॅनडाच्या हद्दीवरचे पोलिस वर्षभराचा शिधा बरोबर नसेल तर आत सोडत नसत, आणि सगळं सामान मिळून टनभर भरे. एवढं एका खेपेत नेणार कोण? म्हणून तीच वाट वीस-वीस, तीस-तीस वेळा तुडवायची. डब्याच्या खिडकीतून दरीपलीकडची जुनी पायवाट दिसते. ताई म्हणाली, "आणि तू दोन बॅगांवरून भांडत होतीस."

जहाज उशिरा सुटणार होतं, त्यामुळे बरेचजण रात्री बाहेर किंवा वर बुफेत. ताई झोपली. आठांच्या टेबलावर आम्ही तिघी होतो : शिक्षिकाबाई, मी आणि चीफच्या बाई. कानाची पाळी सतराव्यांच्या बाईंची होती. पण त्या आल्या नाहीत आणि कानही आला नाही.

"बरं नाही का त्यांना?"

"बरे आहेत. केबिनमध्ये सँडविच खाताहेत." चीफच्या बाई पावाचे तुकडे करत होत्या, खात नव्हत्या. "दमतात हो ते. तुम्हाला वाटतं, चीफ किती रंगून बोलतात. ते बोलतात, कारण बोलताना ऐकावं लागत नाही."

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. कानाचं यंत्र आहे, पण ते माणसाचा आवाज मोठा करतं तसा काटे-चमचेही मोठे करतं. शंभर टेबलांच्या हॉलमध्ये त्यांना फक्त भांडी ऐकू येतात. त्यातून शब्द वेचायचे, अंदाज करायचा, बरोबर ठिकाणी हसायचं. केबिनमध्ये गेले की तासभर डोळे मिटून पडून राहतात. आणि आता तर रोज नवा माणूस शेजारी, नवा आवाज, नवे उच्चार. "तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने करता, त्यांना नाही म्हणता येईना."

शिक्षिकाबाईंनी काटा खाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

केबिनच्या दारावरच्या खाचेत एक पाकीट होतं. डायनिंग मॅनेजरकडून. आमच्या विनंतीनुसार उद्यापासून दोघांचं, खिडकीजवळचं, मागच्या कोपऱ्यातलं टेबल उपलब्ध आहे.

ताई झोपेत होती. मी तशीच खाली गेले आणि मॅनेजरला म्हटलं, हे टेबल मला नको, पण ज्यांना हवं आहे ते मला माहीत आहेत. त्याने विचारलं, त्यांनी मागितलंय का? मी म्हटलं, त्यांच्या बाईंना विचारा. चीफना विचारू नका.

पाचवा दिवस : ग्लेशियर बे

दाराची टकटक पहाटे पावणेसहाला. सतरावे. "वरच्या डेकवर जाऊ नका, सगळे तिथेच जातात. खाली मागच्या बाजूला चला. जहाज जागच्या जागी फिरतं, तिथून दोन्हीकडचं दिसतं. आणि हातमोजे." मोबदल्यात त्यांनी अकराव्या क्रूझची गोष्ट सांगितली, ती आम्ही ऐकली.

इथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ सोडतात. इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढले आणि दिवसभर माइकवरून सांगत होते. 1794 मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली, तेव्हा ही खाडीच नव्हती, जवळजवळ तोंडापर्यंत बर्फ होता. 1916 पर्यंत तो सुमारे शंभर किलोमीटर मागे हटला. म्हणजे आम्ही सकाळभर ज्या पाण्यावरून चाललो होतो, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी जहाजाला शिरायला जागाच नव्हती.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. मैलभर रुंद भिंत, पाण्यावर अडीचशे फूट, निळी. इंजिनं मंद केली आणि एवढं मोठं गाव गप्प झालं. चीफ आणि बाई आमच्या शेजारी कठड्याला टेकून होते. आधी भिंतीवरून एक पांढरी रेघ घसरताना दिसली, अगदी हळू, पीठ सांडावं तशी. मग आवाज आला. इथले मूळ रहिवासी असलेले त्लिंगित लोक याला पांढरी मेघगर्जना म्हणतात.

चीफनी बाईंचा दंड धरला. "हे ऐकू आलं."

नर्सने मला नंतर समजावलं. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं जातं, 4,000 हर्ट्झच्या आसपासचं. स, फ, प असली बारीक व्यंजनं त्यामुळे आधी हरवतात. खर्जातलं बरंच शिल्लक असतं. म्हणून स्वर ऐकू येतात आणि शब्द निसटतात. मला एकदम माझा 'प' कुठे गेला ते कळलं.

त्यानंतर दीड तासात आणखी चार वेळा बर्फ कोसळला. प्रत्येक वेळी चीफ आधी भिंतीकडे बघत आणि मग आवाजाची वाट बघत आमच्याकडे. पाचव्या वेळी मला म्हणाले, "एवढा बर्फ छपरावर साठला तर?" आता मला हसू आवरेना. "छप्पर जाईल," मी म्हटलं. एवढं उत्तर तरी बरोबर असावं.

रात्री आठ वाजता टेबलावर सहा नॅपकिन होते. पाच पंखे, एक होडकं. चीफच्या आणि बाईंच्या खुर्च्याच उचलून नेल्या होत्या, टेबल ऐसपैस मांडलं होतं. पलीकडच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, दोघं बसलेले दिसत होते.

"हे काय?" ताई म्हणाली. आज कानाची पाळी तिची होती. तिने म्हणे दोन दिवस प्रश्न साठवले होते.

मी सांगून टाकलं. वेटिंग लिस्टपासून सगळं.

सहावा दिवस : केचिकान

पाऊस. केचिकानला वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पडतो आणि गावाला त्याचा अभिमान आहे, धक्क्यापाशी भलंमोठं पर्जन्यमापक लावून ठेवलंय. क्रीक स्ट्रीटवर ओढ्यावर खांब रोवून उभी केलेली लाकडी घरं आहेत, खाली सामन माशांची चढण. मूळ रहिवाशांचे कोरीव टोटेमचे खांब बघितले. ताई माझ्यापुढे दहा पावलं चालत होती.

"तुला आठांचं टेबल नको होतं ना," ती छत्रीतून म्हणाली, "मग आता सहांचं झालं. खूश?"

रात्री माझी पाळी असती. खुर्च्या कुणी सरकल्या नाहीत. सरकायचं कुठे, मधला खुंटाच गेला होता. सतराव्यांनी बिल्ले पुन्हा सुरू केले. त्यांच्या बाई विणत होत्या. वेटरने होडकं केलं, पण सवयीने. मी मेनूत शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, मनातल्या मनात. समोर नर्स काहीतरी म्हणाली आणि मी ऐकू न येता हसले. हसल्यावर लक्षात आलं की आपण नेमकं काय केलं.

शिक्षिकाबाई मात्र कागदावर वर्तुळं काढत होत्या.

सातवा दिवस : परतीच्या वाटेवर

शेवटच्या रात्री अकराच्या आत बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, रंगीत पट्टे बांधून. त्यामुळे जेवायला सगळे उद्याच्या प्रवासाच्या कपड्यांत. सूट गेला, बिल्ले गेले. सतरावे स्वेटरमध्ये निम्मे दिसत होते.

शिक्षिकाबाईंनी वर्तुळांचा कागद उलगडला. आमचं गोल टेबल आणि कोपऱ्यातलं दोघांचं यांच्यामध्ये बाण काढले होते. कानाच्या तीन पाळ्या राहिल्या होत्या : सतराव्यांच्या बाई, ताई, मी. कोपऱ्यात खुर्च्या दोनच. तेव्हा एकेकाने तिकडे जायचं, त्या वेळी चीफच्या बाईंनी उठून इथे येऊन बसायचं. पंधरा मिनिटं प्रत्येकी. तिथे हॉलची भांडी कमी ऐकू येतात, खिडकीकडे पाठ केली की उजवा कान बरोबर पाहुण्याकडे येतो. त्यांनी दुपारीच जाऊन, बसून बघितलं होतं. आणि चीफच्या बाईंना विचारलं होतं.

"चीफना?" मी विचारलं.

"त्यांना लिहून विचारलं. त्यांनी 'होय' खाली दोन रेघा मारल्या."

सतराव्यांच्या बाई पहिल्या गेल्या. विणकाम बरोबर घेऊन. लांबून दिसत होतं की बोलत त्या होत्या आणि चीफ ऐकत होते. परत आल्या तेव्हा विणकाम नव्हतं, चीफच्या गळ्यात होतं, अर्धवट, सुईसकट. ताई पंधराऐवजी पंचवीस मिनिटं बसली. तेवढ्यात दिवे मंद झाले आणि वेटरांची मिरवणूक निघाली, डोक्यावर बेक्ड अलास्काची तबकं. आत आइस्क्रीम आणि वर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचं आवरण. त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे भट्टीची आच आत पोचत नाही. पूर्वी ते पेटवून आणत, आमच्याकडे बॅटरीचे दिवे होते. टाळ्या, शिट्ट्या, नॅपकिन फिरवणं. कोपऱ्यात चीफनी उजव्या कानावर हात ठेवला आणि ताईने बोलणं थांबवलं. सगळं शांत होईपर्यंत दोघं नुसते बसून होते.

मग मी.

कोपऱ्यात खरंच शांत होतं. चीफनी मान वळवून कान पुढे केला आणि म्हणाले, "तुमची वाटच बघत होतो." खिशातून एक घडी केलेला नॅपकिन काढला. त्यावर पेनाने घराचं छप्पर काढलं होतं, उतार, पन्हळ, मापं. उत्तरेकडच्या कोपऱ्यात गळतं. तीन कारागीर येऊन गेले, उपयोग झाला नाही. तुम्ही बघून सांगा.

मी त्यांच्या कानाशी वाकले. ओरडावं लागलं नाही. "चीफ, रूफ नाही. प्रूफ. छपाईची. पुस्तकं छापायच्या आधी मी चुका शोधते."

चीफ माझ्याकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. आवाज न करता ते इतके हसले की सुया लोंबायला लागल्या.

"सात दिवस?"

"सात दिवस."

"आणि बर्फाचं वजन?"

"अंदाज होता."

त्यांनी डोळे पुसले, नॅपकिन घडी करायला घेतला, मग थांबले आणि तो पुन्हा माझ्यासमोर उघडून ठेवला. "तरी एकदा बघा."

मी चष्मा लावला. छपरातलं मला काही कळत नाही. पण डावीकडच्या उताराची लांबी 52 लिहिली होती आणि तोच उतार खालच्या आकृतीत 25 झाला होता. मी पेन मागितलं आणि समासात खूण केली.